चौकटीत कोण? जलशापासून भीमगीतांच्या व्हिडिओपर्यंत

एप्रिल जवळ आला की आमच्या साजगाव-खोपोली पट्ट्यातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. यंदा गाणं कोणतं, शूटिंग कुठं, ड्रोन कोणाचा? गेल्या वर्षी अशाच एका भीमगीताच्या व्हिडिओचा कच्चा कट घेऊन चार पोरं माझ्या घरी आली. "काका, बघून सांगा कसं झालंय."

गाणं चांगलं होतं. शब्द महाडच्या पाण्यावरचे होते. पडद्यावर मात्र आधी ढगांतून बाबासाहेबांचा फोटो आला, त्यामागून सोनेरी किरणं. मग भाड्याने आणलेली मोठी गाडी, निळा धूर, स्लो मोशनमध्ये गॉगल लावून चालत येणारी पोरं. मध्ये मध्ये नाचणाऱ्या मुली, पण एकीचाही चेहरा धड दिसत नव्हता. मी विचारलं, "गाण्यात पाणी आहे, मग व्हिडिओत पाणी कुठंय?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. एक जण म्हणाला, "काका, व्हिडिओ असाच असतो."

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. व्हिडिओ असाच असतो, हे ठरवलं कोणी?

गाण्याच्या व्हिडिओचे काही ठरलेले नियम आहेत. आवाज आधीच स्टुडिओत रेकॉर्ड झालेला असतो. कॅमेऱ्यासमोर गायक फक्त ओठ हलवतो. ठेक्यावर कट पडतो, म्हणजे ढोलकीची थाप पडली की दृश्य बदलतं. गायकाचा चेहरा जवळून दाखवायचा, गर्दी लांबून. नायक एक, बाकीचे त्याच्या मागे. हे नियम वाईट नाहीत. ठेक्यावरच्या कटाने अंगात चेतना येते हे खरंच आहे. पण चेहरा कोणाचा जवळून घ्यायचा आणि गर्दी कोणाला करायचं, हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, समाजाचा आहे.

अमेरिकेतली गोष्ट बघा. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही दिवसभर गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी वाहिनी सुरू झाली. पहिली दीड-दोन वर्षं तिच्यावर काळ्या कलावंतांचे व्हिडिओ जवळपास नसायचेच. कारण काय सांगायचे? आमची वाहिनी रॉक संगीताची आहे, त्यांचं संगीत त्यात बसत नाही. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकानेच मुलाखतीत एमटीव्हीच्या तोंडावर हा प्रश्न विचारला. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचे व्हिडिओ आले. वर्षअखेरीस आलेला जवळजवळ १४ मिनिटांचा 'थ्रिलर' तर पुढच्या सगळ्या व्हिडिओंचा साचाच झाला. गोष्ट सांगायची, मध्येच संवाद आणायचे, सगळ्यांनी मिळून एकसारखं नाचायचं, हे आज गल्लीतल्या व्हिडिओतही दिसतं ते तिथूनच पसरलं. ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, त्यांनीच घराचा नकाशा बदलला. "बसत नाही" हे शब्द आपल्या कानांना नवे आहेत का?

आता आपल्याकडे येऊ. आपला इतिहास एमटीव्हीपासून सुरू होत नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. गण-गवळण होती, पण त्यातून भटशाहीवर प्रश्न येऊ लागले. त्याच वाटेने १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. पुढे वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर फिरून गाणी लिहिली आणि गायली. जलशाचा कणा होता सवाल-जवाब. एक पात्र अडाणी प्रश्न विचारायचं, दुसरं उत्तर द्यायचं आणि समोरची माणसं त्या प्रश्नात स्वतःला ओळखायची. कंदिलाच्या उजेडात कलावंत आणि प्रेक्षक एकाच वस्तीतले असायचे. तिथं क्लोजअप नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती.

मग कॅसेट आली. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींनी आपला आवाज घराघरांत नेला. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच गळ्यातून विठ्ठलाची गाणीही आली आणि भीमगीतंही. आमच्या साजगावची कार्तिकी यात्रा, लोक जिला बोंबल्या विठोबाची यात्रा म्हणतात, तिथं सुक्या मासळीच्या दुकानांजवळच कॅसेटवाले बसायचे. तोच आवाज अभंगासारखा वाजायचा तेव्हा सगळे थांबून ऐकायचे. तोच आवाज भीमगीत गाऊ लागला की काही जण पुढे सरकायचे. गळा एकच, मग विटाळ कशाचा होता? मी तेव्हा शाळकरी पोरगा होतो, पण हा प्रश्न तेव्हाच पडला होता.

कॅसेटमागून व्हीसीडी आली आणि गाण्याला चित्र जोडावं लागलं. पैसा कमी, वेळ कमी. मग हिरव्या पडद्यासमोर गायकाला उभं करायचं आणि मागे दीक्षाभूमी, चैत्यभूमी, चवदार तळं चिकटवायचं. तयार साचा बाजारात एकच होता, देवांच्या व्हीसीडीचा. तिथली किरणं, तिथले ढग, तिथली फुलांची वृष्टी जशीच्या तशी उचलून बाबासाहेबांच्या फोटोमागे लावली गेली. जलशाने साचा घेऊन माल बदलला होता. इथं साच्याने आपला माल बदलला. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ज्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल देशाला सावध केलं आणि १९५६ मध्ये २२ प्रतिज्ञांत अवतारकल्पना नाकारली, त्यांच्याच डोक्यामागे आपण तेजोवलय फिरवतो. ही तंत्राची चूक नाही, विचाराची आहे.

दुसरा प्रश्न बाईचा. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले तमाशाच्या खेळाचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले, ही गोष्ट चळवळीत आजही सांगितली जाते. त्या नकारावर मतभेद असू शकतात. तमाशातल्या स्त्री कलावंतांच्या श्रमाचा मान कोणी राखला, असं विचारणाऱ्या अभ्यासक स्त्रियाही आहेत, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण आपल्या व्हिडिओतल्या मुलींना चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही, हे दोन्ही बाजूंनी चूकच ठरतं. याउलट कडुबाई खरात बघा. हातात एकतारी, समोर साधा मोबाइल, एकही कट नाही. त्या व्हिडिओने महाराष्ट्र हलला. तिथं ओठ हलवणं नव्हतं, गळा खरा होता, आणि कॅमेरा बाईच्या चेहऱ्यावरून हटत नव्हता.

तिसरी गोष्ट गाडी आणि गॉगलची. इथं मी पोरांच्या बाजूने आहे. वराचा घोडा अडवणाऱ्या, चांगले कपडे घातले म्हणून मारणाऱ्या देशात आपल्या पोराने ताठ मानेने गाडीतून उतरणं हा नुसता दिखाऊपणा नाही. बाबासाहेबांच्या निळ्या सुटाचा अर्थ आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुणाचा जीव घेतला गेला. गाणं वाजवणं ही आपल्यासाठी करमणूक कधीच नव्हती. पण म्हणूनच विचारतो, ज्या गाण्यासाठी जीव गेला, त्या गाण्याच्या चित्रात फक्त भाड्याची गाडी असावी का?

चौकटीतून माणूस कसा गाळला जातो, हे २०२१ च्या 'एन्जॉय एन्जामी' या तमिळ गाण्यानेही दाखवलं. लिहिणारा आणि गाणारा अरिवु हा दलित तरुण. गाण्याच्या मुळाशी त्याच्या आजीचं मळ्यातलं कष्टाचं आयुष्य. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर मात्र त्याच्या सहगायिकेचा फोटो आला, अरिवु नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे जाब विचारला. गाणं घ्यायचं आणि माणूस वगळायचा, ही रीत जुनीच आहे. दुसऱ्यांनी आपल्याला वगळलं की आपण चिडतो, ते योग्यच आहे. पण आपल्याच व्हिडिओत आपणच आपल्या माणसांना वगळत असू तर?

त्या दिवशी पोरांना मी एवढंच म्हटलं. महाड आपल्याच जिल्ह्यात आहे, इथून जाऊन एका दिवसात परत येता येतं. २० मार्च १९२७ ला तिथं हजारो लोक होते, एक हिरो नव्हता. तुमच्या वस्तीत हंड्यासाठी रांग लावलेल्या आया आहेत, कर्जतच्या वाड्यांत आजही पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या कातकरी आणि ठाकर बाया आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या नावासकट चेहरा दाखवा. ठेक्यावर कट टाका, पण एक शॉट कापू नका.

नव्या कटात किरणं गेली. गाडी राहिली. आणि एका पोराच्या आजीचा चेहरा पूर्ण कडवंभर पडद्यावर राहिला. ती गात नाही, ओठही हलवत नाही, सरळ आपल्याकडे बघते. व्ह्यूज आधीच्या वर्षीपेक्षा कमी आले, हेही सांगतो. पोरं थोडी नाराज झाली. पण वस्तीत पडदा लावून तो व्हिडिओ दाखवला, तेव्हा आजी पडद्यावर येताच समोरून कोणीतरी ओरडून प्रश्न विचारला, आणि दुसऱ्याने उत्तर दिलं. सवाल-जवाब पुन्हा सुरू झाला.

तेव्हा यंदा कॅमेरा हातात घेताना "व्हिडिओ असाच असतो" हे वाक्य विसरा. तो कसा असावा, हे ठरवण्याचा हक्क आपलाही आहे.

जयभीम!