मोटारीचा दांतेरी पट्टा

घरांतील शिवणयंत्राच्या चाकावर फिरणारा चामड्याचा वाटोळा पट्टा पुष्कळांच्या परिचयाचा आहे. तो सैल पडला म्हणजे घसरतो, यंत्र क्षणभर अडतें, आणि पट्टा बोटभर कापून पुन्हां जोडला कीं काम पूर्ववत् चालू होतें. मुंबईच्या जुन्या गिरण्यांतून एका लांब दांड्यावरून अनेक यंत्रांना गति देणारे रुंद पट्टे असत. त्यांचाही स्वभाव हाच. यंत्र एकाएकीं अडकलें तर पट्टा घसरे, आणि त्याच्या घसरण्यामुळेंच यंत्राचा नाश टळे. मोटारीच्या इंजिनांत गेल्या साठ वर्षांत ज्या पट्ट्यानें स्थान मिळविलें, त्याला मात्र एका दांत्याइतकेंही घसरण्याची मोकळीक नाहीं. त्याचें रूढ नांव टायमिंग बेल्ट. तुटण्यापूर्वीं तो बहुधा कसलीच सूचना देत नाहीं. त्यामुळें तो केव्हां बदलावा, हें मालकाला हिशेबानेंच ठरवावें लागतें. हा हिशेब कसा घडत गेला, तें पाहण्यासारखें आहे.

इ. स. १८७६ मध्यें जर्मनींत निकोलस ओटो यानें ज्या तऱ्हेचें इंजिन सिद्ध केलें, त्यांत पिस्टनच्या चार धांवांत एक चक्र पुरें होतें: इंधनमिश्रित हवा ओढून घेणें, ती दाबणें, तिचा स्फोट, आणि जळलेला वायु बाहेर टाकणें. एवढ्या अवधींत खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकच. या दोघांचें हें प्रमाण क्षणभरही बिघडतां कामा नये. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असतां प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळां उघडतो आणि मिटतो. कित्येक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकाच जागेंत आळीपाळीनें वावरतात. दोघांमधील दुवा तुटला, तर कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन मात्र वेगाच्या भरांत वर येतच राहतो, आणि तो उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वांकतात, कधीं पिस्टनही फुटतो. थोडक्या पैशांच्या पट्ट्यापायीं सबंध इंजिन उघडण्याची पाळी येते.

पट्ट्याच्या पूर्वीं हें काम दांतेरी चाकें किंवा पोलादी साखळी करीत असे. भारतांतील रस्त्यांवर अनेक दशकें वावरलेल्या ॲम्बेसेडर आणि मुंबईच्या कुर्ला येथें तयार होणाऱ्या पद्मिनी या दोन्ही मोटारींत साखळीच होती. साखळी तेलांत फिरते, झिजते, हळूहळू लांबते. पण लांबली कीं खडखडूं लागते. जुना ड्रायव्हर किंवा मिस्त्री इंजिनाजवळ कान नेऊन तिची प्रकृति सांगे. साखळीचा दोष असा आधीं ऐकूं येई, आणि मालकाला निर्णयासाठीं कांहीं महिने मिळत.

दांतेरी रबरी पट्ट्याचा जन्म मोटारीसाठीं झालेला नाहीं. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस या इंजिनिअरानें शिवणयंत्रासाठीं तो योजला. सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ बिनचूक जुळावी, एवढाच त्याचा हेतु होता. १९५४ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील बिल डेव्हिन यानें आपल्या शर्यतीच्या लहान मोटारींत तो बसविला. परंतु बाजारांत विकल्या जाणाऱ्या मोटारींत तो आणण्याचें धाडस केलें बव्हेरियांतील डिंगोल्फिंग गांवच्या हान्स ग्लास कंपनीनें. ही कंपनी मूळची शेतीचीं अवजारें करणारी. तिनें १९६१ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ग्लास १००४ ही मोटार मांडली. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा. शिवाय त्याला तेलाची गरज नाहीं. १९६६ सालीं ग्लास कंपनी बी. एम. डब्ल्यू.नें विकत घेतली; पण तोपर्यंत कल्पना पुढें गेली होती. त्याच वर्षीं अमेरिकेंत पॉन्टिॲकच्या सहा सिलिंडरी इंजिनांत आणि इटलींत फियाट १२४ स्पोर्टमध्यें ती दिसूं लागली.

रबराच्या शांतपणाबरोबर एक नवी अडचण आली. पट्ट्याचें खरें बळ त्याच्या आंत गुंफलेल्या कांचतंतूंत असतें आणि ते डोळ्यांना दिसत नाहींत. आरंभींच्या निओप्रीन पट्ट्यांच्या पाठीवर तडे तरी पडत. पुढें अधिक उष्णता सोसणारें सुधारलेलें रबर आलें, तेव्हां ती खूणही दुर्मिळ झाली. वरून नवा भासणारा पट्टा आंतून थकलेला असूं शकतो. म्हणून कारखानदारांनीं किलोमीटर आणि वर्षें असे दोन आंकडे छापण्यास प्रारंभ केला; जो आधीं पुरा होईल तो मानावा. वर्षांचा आंकडा अनेकांना अनावश्यक वाटतो. पण रबर उभ्या मोटारींतही जुनें होतें, आणि वर्षानुवर्षें घराखालीं झाकून ठेवलेल्या मोटारीला मैलांचा हिशेब उपयोगी पडत नाहीं.

हे आंकडे अचल नव्हेत, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. होंडाच्या सहा सिलिंडरी इंजिनांच्या अमेरिकन पुस्तिकांत कांहीं वर्षें असा नियम होता कीं, पट्टा १,०५,००० मैलांनीं, म्हणजे सुमारें १,६९,००० किलोमीटरांनीं, अगर सात वर्षांनीं बदलावा. त्याखालींच दुसरा नियम: मोटार नेहमीं ४३ अंश सेल्सिअसच्या वर किंवा उणे २९ अंशांच्या खालीं चालत असेल, तर ६०,००० मैलांनींच बदलावा. इंजिन तेंच आणि पट्टाही तोच, परंतु हवामानानें त्याचें आयुष्य निम्म्याजवळ आणलें. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४३ अंश अनेकदां ओलांडतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या दुसऱ्या नियमाचें महत्त्व कळेल.

शहरांतील वाहतुकीचा हिशेबही निराळा आहे. तासाला ६० किलोमीटर वेगानें जातांना इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर दर किलोमीटरला २००० फेरे होतात. एक लाख किलोमीटरांत वीस कोटि. पण हीच मोटार तासभर रस्त्यांत खोळंबून राहिली आणि इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांनीं चालू राहिलें, तर ४५,००० फेरे होतात. म्हणजे पट्ट्याला बावीस किलोमीटरांहून अधिक प्रवास घडतो आणि मीटरचा आंकडा जागचा हलत नाहीं. मुंबई-पुण्याच्या गर्दींत रोज अडकणाऱ्या मोटारीनें छापील आंकड्याची कड गांठेपर्यंत थांबूं नये, असें या गणितावरूनच दिसतें.

पट्ट्याइतकाच विचार टेन्शनरचा करावयास हवा. पट्टा ताणून धरणारी ही कप्पी. पूर्वीं मिस्त्री ती हातानें सरकवून बोल्ट आवळीत असे, आणि पट्ट्याच्या लांब बाजूच्या मध्यावर आंगठा व बोट यांनीं पीळ देऊन पाहत असे. काटकोनापर्यंत वळला तर ताण योग्य, असा कित्येक इंजिनांसाठीं ठोकताळा होता. हें काम इंजिन थंड असतांना करावयाचें, कारण धातु तापून फुगला कीं पट्टा आपोआप अधिक ताणला जातो. पुढें स्प्रिंगनें किंवा तेलाच्या दाबानें ताण स्वतः राखणारे टेन्शनर आले आणि हाताचें कौशल्य मागें पडलें. पण कप्पीच्या आंतील बेअरिंगलाही पट्ट्याबरोबर कोट्यवधि फेरे घडलेले असतात, आणि त्यांतील ग्रीस कोणी बदलीत नाहीं. तें बेअरिंग अडकलें तर कालच बसविलेला पट्टाही जळतो किंवा उतरतो. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर त्यालाही हेंच लागू पडतें. मजुरीचा मोठा भाग तेथवर पोंचण्याचा असतो. म्हणून पट्टा बदलून कप्पी जुनी ठेवण्यांत काटकसर नाहीं.

भारतांत हा प्रश्न घराघरांत आला तो १९८३ नंतर. त्या वर्षअखेरीस आलेल्या मारुति ८०० च्या तीन सिलिंडरी इंजिनांत पट्टा होता. साखळीच्या खडखडाटावर विसंबणाऱ्या पिढीला प्रथमच न बोलणारा भाग सांभाळावा लागला. जुनी मोटार विकत घेणाऱ्याची अडचण तर याहून मोठी. पहिल्या मालकानें पट्टा बदलल्याचा कागद नसेल, तर मीटरवरचा आंकडा त्याला कांहींच सांगत नाहीं. अशा वेळीं घेतलेल्या दिवसापासूनच गणना सुरू करावी, म्हणजे पट्टा व टेन्शनर दोन्ही तत्काळ नवीं घालावीं. तेलाची गळती पट्ट्यावर पोंचली असेल, तरीही आंकड्याची वाट पाहूं नये.

पुढें कित्येक कारखानदार साखळीकडे परतले. पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार झालेल्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनांत साखळीच होती. उलट कांहींनीं पट्टाच तेलांत बुडविला. २०१२ सालीं आलेल्या फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनांत तो तसा होता. अशा पट्ट्याचें आयुष्य तेलाच्या जातीवर आणि तें वेळेवर बदलण्यावरही अवलंबून राहतें. म्हणून आपल्या इंजिनांत साखळी आहे कीं पट्टा, आणि पट्टा असल्यास कोरडा कीं तेलांतला, हें मालकानें प्रथम पुस्तिकेंत पाहावें. चांगले मिस्त्री नवा पट्टा बसविल्यावर तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी इंजिनाजवळ चिकटवितात. विकणाऱ्यानें ती काढूं नये आणि घेणाऱ्यानें ती आधीं शोधावी. मुक्या पट्ट्याच्या वतीनें बोलणारा तेवढाच एक साक्षी असतो.