घणाखालचे लोखंड आणि साच्यातले लोखंड



नांगराचा फाळ बोथट झाला की तुम्ही तो लोहाराकडे नेता. तो भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून टोक काढतो आणि पाणी देऊन परत करतो. पण कधी कधी तोच लोहार फाळ उलटसुलट पाहतो आणि म्हणतो, "हे बीड आहे, मला जमायचं नाही." राग मानू नका. तो खरे बोलतो. असे का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे 1978 ते 1980 च्या उत्खननात दगडापासून लोखंड काढण्याची जुनी भट्टी सापडली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी मानतात. त्याच जिल्ह्यात माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या मिळाल्या आहेत. आता गंमत पाहा. शुद्ध लोखंड वितळायला सुमारे 1540 अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि कोळशाच्या त्या लहान भट्टीत भाता कितीही फुंकला तरी ती येत नसे. त्यामुळे लोखंडाचे पाणी होतच नव्हते. भट्टीतून निघे तो भोकाभोकांचा, मळीने भरलेला गोळा. तो तापवून पुन्हा पुन्हा ठोकायचा, म्हणजे मळी बाहेर पडे आणि गोळा घट्ट होई. कुऱ्हाड घडवण्याआधी लोखंडच घडवावे लागे. घणाशिवाय लोखंड नाही, अशी त्या काळची स्थिती होती.

ठोकल्याने नुसता आकार येतो असे समजू नका. भाकरीचे पीठ नीट मळले नाही तर थापताना कडा चिरतात, हे घरात विचारा. लोखंडाचेही तसेच आहे. तापवून ठोकले की आतल्या पोकळ्या दबून जातात, कण बारीक होतात आणि वस्तूच्या आकाराप्रमाणे वळतात, जसे लाकडाचे तंतू. कुऱ्हाडीचा दांडा आपण तंतूंच्या लांबीत काढतो, आडवा काढला तर पहिल्या घावाला मोडेल. घडीव वस्तू झटका सोसते, फार तर वाकते. तिचे टोक झिजले तर पुन्हा तापवून काढता येते.

बीड मात्र वितळवून साच्यात ओततात. त्यात कर्ब शंभरात तीन-चार भाग असतो, त्यामुळे ते कमी उष्णतेवर वितळते, पण ठिसूळ होते. तापवून घण घातला तर तुकडे होतात. म्हणून लोहार नाही म्हणतो.

पण बिडाला कमी लेखू नका. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम याने 1803 साली बिडाच्या फाळाचे पेटंट घेतले. ओतताना फाळाची खालची बाजू झटकन थंड करायची, म्हणजे ती फार कठीण होते. वरची बाजू मऊ राहून आधी झिजते आणि धार आपोआप टिकते. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात बिडाचा नांगर काढला, तेव्हा तो घ्यायला कोणी धजेना. लोखंडाने जमीन नासेल अशी भीती होती. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर गावोगाव पोचला. ओतकामाचा मोठा फायदा हा, की एकाच मापाचे शेकडो भाग निघतात आणि मोडलेल्या भागाच्या जागी दुसरा बसतो.

घडकामात हे जमायला यंत्राचा घण लागला. 1839 साली एका आगबोटीचा जाडजूड दांडा घडवायला पुरेसा मोठा घणच कुठे नव्हता. तेव्हा जेम्स नॅस्मिथ याने वाफेच्या घणाचा आराखडा काढला आणि 1842 साली पेटंट घेतले. तो दांडा काही झालाच नाही, बोटीला पंखा बसवला. पण घण राहिला. त्यावर इतका ताबा होता म्हणतात, की पेल्यातल्या अंड्याचे कवच फोडून पेला शाबूत ठेवीत. नंतर घणाखाली पोलादी साचे आले. लाल पोलाद साच्यांच्या मध्ये दाबायचे, की हवा तोच आकार. पुण्यात 1961 साली नीळकंठराव कल्याणी यांनी भारत फोर्ज ही कंपनी स्थापन केली, तिचे काम याच जातीचे.

तुमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड बहुधा असाच घडीव असतो, कारण त्याला मिनिटाला शेकडो झटके बसतात. इंजिनाचा ठोकळा आणि पंपाचे कवच ओतीव चालते. तिथे झटका कमी, आकार किचकट.

बाजारात सुटा भाग घेताना एवढे पाहा. बिडावर हातोडी हलकेच मारली तर आवाज बद्द येतो, पोलाद खणखणते. सहाणेच्या चाकावर धरले तर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस, पोलादाच्या लांब आणि चमकदार. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन, कुदळ, कुऱ्हाड बिडाची कधीच घेऊ नका. ट्रकचा जुना पाटा मिळाला तर भंगारात घालू नका. त्याच्या पोलादाचे खुरपे किंवा विळा लोहार उत्तम करतो. फक्त त्याला सांगा, पाणी दिल्यावर पुन्हा हलके तापवून कडकपणा थोडा उतरव, नाहीतर धार दगडावर तुटेल. आणि बिडाचा फाळ झिजला, की तो भट्टीत न घालता बदलून टाका.