कुलाब्याच्या नोंदी खाडीपलीकडे

नवी मुंबई हे वयाने लहान शहर. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर या नगराची आखणी करण्यात आली. येथे इमारती आहेत, कारखाने आहेत. इतिहास व विद्या मात्र खाडीपलीकडे जुन्या मुंबईत, असा समज आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांत आढळतो. हा समज खरा नाही. मुंबईच्या विज्ञानपरंपरेतील एक अतिशय जुनी शाखा आज नवीन पनवेलला नांदत आहे. तिची कथा वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

या कथेचा आरंभ कुलाब्याच्या टोकावर होतो. तेथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी व आकाशाचे वेध घ्यावेत, हा तिचा मूळ हेतू. पुढे १८४१ साली एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली पृथ्वीच्या चुंबकत्वाची व हवामानाची निरीक्षणे सुरू झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेशी संबंध आला. पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपाला आलेले केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयातच येथे साहाय्यक म्हणून लागले. मराठी माणसाच्या आधुनिक विज्ञानशिक्षणाची एक पाठशाळाच ही वेधशाळा होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

होकायंत्राची सुई उत्तर दाखविते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु तिला वळविणारे पृथ्वीचे चुंबकीय बल स्थिर नसते. दिवसाच्या प्रहरांप्रमाणे ते किंचित कमीअधिक होते आणि सूर्यावर खळबळ माजली की एकाएकी ढळते. हा ढळ मोजण्याकरिता कुलाब्यास टांगत्या चुंबकांची उपकरणे होती. त्यांवरील आकडे डोळ्यांनी वाचावयाचे व वहीत उतरावयाचे. हे काम तासातासाला चाले. सुई अस्वस्थ झाली की पंधरा किंवा पाच मिनिटांच्या अंतराने नोंद घेतली जाई. कामात नाट्य असे काहीच नव्हते. कंटाळा मात्र पुष्कळ असणार.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिर्विदास सूर्यबिंबावर अकस्मात पांढरा लखलखाट दिसला. त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ येऊन थडकले. युरोप व अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. ध्रुवप्रदेशी दिसणारा आकाशातील प्रकाश पार क्युबापर्यंतच्या लोकांनी पाहिला. रोम येथील येशूसंघीय धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ फादर आंजेलो सेक्की यांच्या वेधशाळेतही या खळबळीची नोंद झाली. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. अकराच्या सुमारास कुलाब्याच्या उपकरणात चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर भाग सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. एकूण बलाच्या मानाने ही घट चार टक्क्यांच्या आसपास होती. साहाय्यकांनी नेहमीप्रमाणे आकडे उतरविले आणि त्या वर्षाच्या निरीक्षणांबरोबर ते छापले गेले.

या छपाईचे फळ मिळावयास १४४ वर्षे लागली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखीना व शोभना ॲलेक्स यांनी ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात १८५९च्या वादळावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य आधार कुलाब्याची नोंद हा होता. त्या एका आकड्याचा अर्थ कसा लावावा, याविषयी विद्वानांत पुढे वाद झाले, आणि ते होणे योग्यच होय. वाद घालावयास आकडा तर हाताशी होता! याचे महत्त्व केवळ विद्वानांपुरते नाही. १३ मार्च १९८९ रोजी याहून सौम्य वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे ६० लाख लोकांची वीज कित्येक तास बंद पाडली. १८५९सारखे वादळ आज आले तर रुग्णालये, आगगाड्या, कृत्रिम उपग्रह यांचे काय होईल, हा अंदाज बांधताना अभियंत्यांना कुलाब्याच्या वहीकडे वळावे लागते.

ज्ञानाच्या कार्यात शोध लावणाऱ्याचे नाव होते. नोंद ठेवणारा व ती छापून जपणारा बहुधा मागे राहतो. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीचे मोल आपल्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. पणजोबांची जन्मतारीख हवी झाली की त्या वहीतील एका ओळीसाठी आपण धावाधाव करतो. ती ओळ लिहिणाऱ्यास हा दिवस दिसला नव्हता. त्याने आपले काम नेमके केले, इतकेच. वेधशाळेच्या छापील खंडांचीही हीच गोष्ट आहे.

कुलाब्याची परंपरा एकदा तुटण्याच्या बेतात आली होती. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणावयाचे ठरले आणि विजेच्या प्रवाहाने चुंबकाची निरीक्षणे दूषित होणार हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागची जागा निवडली. चुंबकीय गुण नसलेला दगड पारखून व लोखंड टाळून तेथे इमारती बांधल्या गेल्या आणि १९०४ साली निरीक्षणे सुरू झाली. मूस यांचा विवेक असा की, १९०६पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी व नवी मालिका त्यांनी सांधून दिली. ट्राम १९०७ साली धावू लागली. पुढे १९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची निरीक्षणे विवेचनासह दोन खंडांत प्रसिद्ध केली. जगभरचे अभ्यासक हे खंड मूस यांच्याच नावाने ओळखतात.

१९७१ साली या कार्यासाठी भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. आधी कुलाब्यास असलेले तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला, कळंबोली महामार्गानजीक आहे. अलिबागसह देशातील अनेक वेधशाळा ती चालविते, त्यांच्या नोंदी संकलित करून प्रसिद्ध करते आणि भूचुंबकत्वाचे जागतिक माहिती केंद्रही सांभाळते. कुलाब्याचा वारसा असा खाडी ओलांडून आला.

तो एकटा आला नाही. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांचे सहकारी संघवी आणि राव यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि मुख-घशाचा कर्करोग यांच्या संबंधावरील निबंध १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. तो संशोधनाचा ओघ २००२पासून खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत चालू आहे. याच परळच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांच्या पुढाकाराने १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय वाशीला आहे.

तेव्हा आपली मुले ज्या शहरात वाढत आहेत ते ज्ञानाच्या दृष्टीने पोरके नाही, हे त्यांना आपण सांगितले पाहिजे. डॉक्टर-इंजिनिअर व्हावे ही आईवडिलांची इच्छा रास्तच आहे. परंतु रोज तीच सुई पाहून तोच आकडा प्रामाणिकपणे लिहिणारी माणसेही समाजाला हवी असतात, आणि अशा कामाची प्रतिष्ठा प्रथम घरात वाढावी लागते. शहराचीही यात कसोटी आहे. ट्राम येणार म्हणून मुंबईने सुई फेकून दिली नाही, की सुईसाठी ट्राम अडविली नाही. दोहोंची सोय लावली. आज नवी मुंबई झपाट्याने वाढत आहे. या वाढीत शांतपणे मोजणाऱ्या व जपून ठेवणाऱ्या संस्थांना तिने जागा राखली, तर आणखी दीडशे वर्षांनी कुणा अभ्यासकाला येथली एखादी ओळ उपयोगी पडेल.