खर्ज सांभाळणारी माणसं



या मालिकेत आपण बहुधा लढाया, तह आणि किल्ल्यांबद्दल बोलतो. आज विषय एका वाद्याचा आहे. पद्धत मात्र नेहमीचीच: वस्तू कुठून आली, कोणाच्या हाती पडली, ती चालवायची विद्या कशी पसरली आणि नोंद कोणी ठेवली. शेवटचा प्रश्न आज सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

वाद्य आहे बेस गिटार. ऑर्केस्ट्रात ती तुम्ही पाहिली असेल. लांब दांडी, चार जाड तारा, वाजवणारा मागे ड्रमजवळ उभा. कार्यक्रम संपला की गायक आठवतो, बेसवाला आठवत नाही. पण त्याला गप्प करून पाहा. तंबोऱ्याची खर्जाची तार तुटल्यावर गवयाची जी गत होते, तीच सगळ्या बँडची होते. आम्हा फौजी लोकांना हे चटकन कळतं. संचलनात बँडच्या मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडतो. त्या ढोलवाल्याकडे कोणी बघत नाही, पण तो चुकला तर अख्ख्या पलटणीचं पाऊल चुकतं.

हे काम आधी डबल बेस करत असे. व्हायोलिनच्या घराण्यातला हा दांडगा थोरला भाऊ माणसापेक्षा उंच. गावोगाव फिरणारे बँड त्याला मोटारीच्या टपावर बांधून नेत. समोर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सुरू झाले की त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय त्याला पडदे नसतात. बोट जरासं सरकलं की सूर ढळतो. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकातच पडदे असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा इलेक्ट्रिक बेस केला होता, पण तो फारसा चालला नाही.

चालला तो कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांचा. साल १९५१. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. गंमत म्हणजे गिटारी बनवणाऱ्या या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती! त्यामुळे तो वाजवणाऱ्यांना विचारायचा. नमुना तयार केला की आसपासच्या बँडमधल्या वादकांना द्यायचा आणि कुठे अडतं, काय टोचतं, काय तुटतं ते ऐकून घ्यायचा. कारखान्याने शस्त्र करावं आणि जवानाने ते चिखलात वापरून खरं काय ते सांगावं, तसला हा प्रकार. त्या बेसचं नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, कारण पडद्यांमुळे सूर नेमका लागे. तारेची लांबी ३४ इंच. चार तारांचे सूर डबल बेसचेच ठेवलेले, आणि गिटारच्या खर्जाकडच्या चार तारांचेही तेच, फक्त एक सप्तक खाली. म्हणजे डबल बेसवाला आणि गिटारवाला, दोघांनाही उडी मारणं सोपं. सगळ्यांत खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. हा आवाज कानाइतकाच पोटात ऐकू येतो.

तरी वादक लगेच वळले असं नाही. लायोनेल हॅम्प्टन यांच्या जाझ बँडमध्ये मंक मॉन्टगोमेरीच्या हाती हे नवं वाद्य दिलं गेलं, तेव्हा डबल बेस वाजवणाऱ्या या माणसाला ते घेऊन मंचावर उभं राहायला संकोच वाटला होता. पण त्याने ते शिकून घेतलं आणि गावोगावच्या वादकांनी त्याच्या हातात ते पाहिलं. आवाज मोठा करण्याचा प्रश्नही एका बेसवाल्यानेच सोडवला. एव्हरेट हल यांनी डबल बेसच्या खालच्या खुंटात मायक्रोफोन बसवला. त्या ‘अॅम्प्लिफाइड पेग’वरून अॅम्पेग कंपनीचं नाव पडलं. १९६० साली आलेला त्यांचा बी-१५ अॅम्प्लिफायर पुढे अनेक स्टुडिओंत दिसू लागला.

वाद्य आलं, अॅम्प्लिफायर आला. पण शिकवणार कोण? घराणं नाही, गुरू नाही, पुस्तक नाही. मग पोरं काय करायची, तर रेकॉर्डची सुई उचलून पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवायची. एक युक्ती तर मला फार आवडते. ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावायची. गायक चिरक्या आवाजात गायला लागतो, पण तळाशी दबलेला खर्ज वर येतो आणि कानाला पकडता येतो.

नवी तंत्रंही अशीच अडचणीतून निघाली. लॅरी ग्रॅहम आपल्या आईच्या बँडमध्ये बेस वाजवत असे. बँडला ड्रमर उरला नाही, तेव्हा ठेका भरून काढायला त्याने अंगठ्याने तारेवर थाप मारायला आणि बोटाने तार उचलून सोडायला सुरुवात केली. ज्याला आज ‘स्लॅप’ म्हणतात ते हेच. कोण्या संगीत विद्यालयाला हे सुचलं नसतं. तिथे ड्रमर हजर असतो.

आता आजच्या गोष्टीच्या मुख्य माणसाकडे येऊ. जेम्स जेमरसन. जन्म १९३६, साउथ कॅरोलायनातलं एडिस्टो बेट. किशोरवयात तो डेट्रॉइटला आला आणि शाळेत डबल बेस शिकला. १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी तिथे मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. तिथला वादकसंच स्वतःला ‘फंक ब्रदर्स’ म्हणवून घेई. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, मार्विन गे, स्टीव्ही वंडर यांच्या साठच्या दशकातल्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांखाली जेमरसनचा बेस आहे.

त्याचं वाजवणं ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेक बेसवाले दोन बोटं आलटून पालटून वापरतात. जेमरसन फक्त उजव्या हाताची तर्जनी वापरत असे, डबल बेसवर पडलेली सवय. त्या बोटाला मंडळींनी नाव ठेवलं ‘हुक’. वाद्य होतं १९६२चा फेंडर प्रिसिजन, त्याचं नाव ‘फंक मशीन’. तारा जाड आणि गुळगुळीत, ला बेला कंपनीच्या. तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत हा नियम. तारा बोटापासून इतक्या उंच की दुसऱ्याला तो बेस वाजवणं जड जाई. घोडीच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणजे सूर लांबत नाही, ‘ठप्’ असा गोल येतो आणि जातो. एवढ्या साध्या सामानातून त्याने बेसला हिशेबनीसाच्या कामातून काढून बोलतं केलं. १९६७चं ‘बर्नाडेट’ ऐका. गायक जे सांगतो त्याच्याखाली बेस स्वतःची वेगळी हकिकत सांगत असतो आणि तरी गाण्याचा पाय सुटत नाही.

आणि या माणसाचं नाव तबकडीवर नव्हतं. मोटाउन आपल्या वादकांची नावं छापत नसे. लिव्हरपूलचा पॉल मॅकार्टनी त्या बेसवर लुब्ध होता, पण वाजवणाऱ्याचं नाव त्याला पुष्कळ उशिरा कळलं. १९७१ साली मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर पहिल्यांदा वादकांची यादी आली, त्यात जेमरसनचं नाव होतं. पुढच्याच वर्षी कंपनीने बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं. तोही तिकडे गेला, पण तिथे त्याचा जम बसला नाही. दारू होतीच. १९८३ साली कंपनीच्या २५ वर्षांचा मोठा सोहळा झाला. मायकल जॅक्सनने ‘मूनवॉक’ करून दाखवला तोच कार्यक्रम. जेमरसन तिकीट काढून वरच्या सज्जात बसला होता असं सांगतात. त्याच वर्षी २ ऑगस्टला तो गेला, वय ४७. त्याच्या आदल्या काही दिवसांतच त्याचा फंक मशीन चोरीला गेला होता.

नावं न लिहिण्याचा परिणाम किती काळ पुरतो बघा. कॅरल के ही लॉस एंजेलिसची थोर स्टुडिओ वादक, मूळची गिटारवादक. १९६३च्या सुमारास एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून तिने बेस हाती घेतला आणि मग तो तिचाच झाला. मोटाउनची लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेली काही गाजलेली गाणी आपण वाजवली, असं तिचं म्हणणं. जेमरसनच्या बाजूचे लोक त्यातली कित्येक त्याचीच मानतात. वाद अजून मिटलेला नाही. आमच्याकडे प्रत्येक तुकडीची युद्ध-दैनंदिनी असते. कोण कुठे होतं, किती वाजता, कोणाच्या हुकमाने, सगळं त्याच दिवशी लिहायचं. कंटाळवाणं काम, पण पन्नास वर्षांनी दोन पेन्शनर भांडायला बसले की तेच उपयोगी पडतं. इथे ती दैनंदिनी नव्हती. वादक संघटनेच्या करारपत्रांवर आणि लोकांच्या आठवणींवर भागवावं लागतं, आणि आठवण हा फार हट्टी साक्षीदार आहे.

ही उणीव भरून काढली ती बेस वाजवणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर जीव असलेल्यांनी. कॅरल के हिने १९६९ साली स्वतःच पुस्तक छापून आपली विद्या वाटायला सुरुवात केली. जेमरसनसाठी हे काम अॅलन स्लट्स्की या गिटारवादकाने केलं. जेमरसनच्या ओळी स्वरलिपीत उतरवून, त्याच्या घरच्यांना आणि जुन्या साथीदारांना भेटून त्याने १९८९ साली पुस्तक काढलं, ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’. सोबतच्या मुद्रणात नामवंत बेसवादकांनी त्या ओळी वाजवून दिल्या. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी वेगळा सन्मान सुरू केला, त्या पहिल्याच तुकडीत जेमरसन होता. २००२ मध्ये पुस्तकाच्याच नावाचा माहितीपट आला आणि हयात असलेल्या फंक ब्रदर्सचे चेहरे लोकांनी पाहिले.

बेसवाले एकमेकांना इतके धरून का असतात याचं माझं उत्तर साधं आहे. बँडला गिटारवाले दोन चालतात, गायक तीन चालतात. बेसवाला एकच लागतो. त्यामुळे दोन बेसवाल्यांची मंचावर गाठ सहसा पडत नाही. भेटायचं तर मुद्दाम ठरवूनच. म्हणून त्यांचे मेळावे असतात. जो तो आपला बेस आणि अवजड स्पीकर घेऊन येतो, सगळं सामान भिंतीशी मांडलं जातं आणि मग याने त्याचा वाजवून बघायचा, त्याने याचा. वाद ठरलेले. तारा गुळगुळीत बऱ्या, जेमरसनसारख्या, की खरखरीत? ‘द हू’च्या जॉन एन्टविसलने १९६६च्या सुमारास रोटोसाउंड कंपनीकडून खरखरीत तारा हव्या तशा करून घेतल्या, तेव्हापासून हे दोन तट आहेत. बोटं की नखी? चार तारा पुरे की खाली पाचवी हवी? व्हिक्टर वूटनने तर २००० पासून टेनेसीत शिबिरंच सुरू केली. तिथे बेसबरोबर रानात झाडं-पक्षी ओळखायलाही शिकवतात. जंगलात ऐकायला शिकलेला माणूस बँडमध्येही ऐकतो, हे कोणत्याही पायदळाच्या सैनिकाला पटेल.

आपल्याकडेही गोष्ट फार वेगळी नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य वाद्यं वाजवणारे पुष्कळसे गोव्याचे होते, पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले. संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं तबकडीवर, वाद्यवृंदाची नाहीत. राहुलदेव बर्मन यांची सत्तरच्या दशकातली गाणी तुम्हाला पाठ असतील, पण त्यांच्या ताफ्यातले बेसवादक टोनी वाझ हे नाव किती जणांनी ऐकलंय? ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईत वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८ साली काढलं, तेव्हा अशी अनेक नावं कागदावर आली. हे काम आपल्यातल्या कोणी आधी करायला हवं होतं, असं मला वाटतं. चेन्नईकर श्रोत्यांना इळयराजांच्या गाण्यातला बेस मी सांगायला नको, तो तिथे रस्त्यावरचा माणूसही गुणगुणतो. रहमान यांच्या कितीतरी गाण्यांत बेस कीथ पीटर्स यांचा. आणि मुंबईची मोहिनी डे आज जगभर आपल्या नावावर बेस वाजवते, मागे उभी राहून नव्हे.

शेवटी एका शोधमोहिमेबद्दल. मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला. तो डावखुरा. हे वाद्य दोन्ही बाजूंनी सारखं, उलटं धरलं तरी विचित्र दिसत नाही, म्हणून पसंत पडलं. बीटल्सच्या सुरुवातीच्या गाण्यांत तोच वाजतो. पुढे तो नाहीसा झाला. १९६९च्या रेकॉर्डिंगच्या सुमारास गेला असावा, असा कित्येक वर्षं समज होता. हॉफनर कंपनीशी संबंधित एका जाणकाराने शोध हाती घेतला, एक दांपत्य त्याला येऊन मिळालं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी लोकांना आवाहन केलं: कोणाला काही माहीत असेल तर सांगा. शेकडो पत्रं आली. एक होतं मॅकार्टनीच्या जुन्या ध्वनितंत्रज्ञाचं. बेस १९७२च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या केलेल्या व्हॅनमधून चोरीला गेला, असं त्यात होतं. म्हणजे तोवर सगळे चुकीचं साल धरून शोधत होते. साल बदललं आणि धागा हाती लागला. चोराने तो जवळच्याच एका पबच्या मालकाला विकला होता, पुढे तो त्या कुटुंबात राहिला, आणि अखेर सापडला समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज गावी, एका घराच्या माळ्यावर. पेटी त्याच्यासोबतच होती. दुरुस्ती बरीच लागणार होती.

ती झाली. १९ डिसेंबर २०२४ला लंडनच्या ओटू सभागृहात मॅकार्टनीने तो बेस बाहेर आणला आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदाच हा वाजतोय असं लोकांना सांगून ‘गेट बॅक’ सुरू केलं. त्याच कार्यक्रमात पुढे ड्रमवर रिंगो स्टारही आला.