कौलांसाठी एक मेणबत्ती

परवा जुनी डायरी चाळताना २ नोव्हेंबरच्या पानावर मेणाचा वाळलेला थेंब दिसला आणि ती संध्याकाळ आठवली...

माझ्याबरोबर शाळेत शिकवणारे एक ख्रिस्ती सहकारी त्या वर्षी वारले होते. त्यांच्या मुलानं बोलावलं, म्हणून तळेऱ्याहून एस.टी.नं सावंतवाडीकडच्या त्यांच्या गावी गेलो. २ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. प्रार्थना संपली आणि सगळे मेणबत्त्या घेऊन चर्चमागच्या दफनभूमीत गेले. आपल्याकडे त्रिपुरारी पौर्णिमेला देवळाभोवती पणत्या लागतात ना, अगदी तसंच दिसत होतं. मीही मित्रासाठी एक मेणबत्ती लावली.

दारात छपराच्या दुरुस्तीसाठी पेटी ठेवली होती. मुलगा म्हणाला, "गुरुजी, आजच्या दिवशी मुंबईचे सगळे येतात. म्हणून तर ही कौलं टिकली."

मी पडलो इतिहासाचा मास्तर! मला लगेच जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टीनचं चर्च आठवलं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं गोव्यातले धर्मसंघ बंद केले, संन्यासी निघून गेले. १८४२ मध्ये छत कोसळलं, म्हणजे अवघ्या सात वर्षांत. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला. त्याची घंटा १८७१ मध्येच पणजीच्या चर्चवर गेली होती. कोणा शत्रूनं तोफ डागली नव्हती. माणसं यायची थांबली, एवढंच.

पण मंडळी, आता एक कबुली. आमच्या वाडीतलं कौलारू देऊळ ओस पडलेलं नव्हतं. त्रिपुरारीला पाय ठेवायला जागा नसायची. वर्गणीही भरपूर जमली आणि त्याच पैशांतून लाकडी खांब उतरवून स्लॅब टाकला. सभेत जीर्णोद्धाराच्या बाजूनं मीही हात वर केला होता. तीस वर्षं मुलांना जुन्या वास्तूंचं महत्त्व शिकवणाऱ्यानं! खांबांचं पुढं काय झालं, हेही मी विचारलं नाही.

म्हणजे माणसं यायला हवीत, हे खरं. पण आलेल्यांना जुन्याची लाज वाटता कामा नये. पुतण्यांनो, पुढच्या वेळी गावात अशी सभा भरली, तर हात वर करण्याआधी एवढं आठवा.

असो.