पुष्पिका आणि आमरी

धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये, असे आम्हांस वाटते. तेथील प्रश्न पाठचिकित्सेचाच आहे: कोणता फरक केवळ पाठभेद मानावा आणि कोणत्या फरकाने संहिताच वेगळी ठरते?

सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या दोन आमरी घेऊ. दोन्ही हबेनारिया प्रजातीच्या. दोन्हींची फुले पांढरी आणि मोजकी. ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचे वाटोळे, बहुधा एकुलते पान मातीला चिकटून असते. रॅरिफ्लोराची पाने अरुंद, वस्ती कातळावर. पहिलीला १८६१ च्या 'बॉम्बे फ्लोरा'त डाल्झेल आणि गिब्सन यांनी ग्रँडिफ्लोरा म्हटले होते. ते नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले होते. म्हणून १९३२ मध्ये ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आजचे नाव दिले.

मात्र दाबून वाळवलेल्या नमुन्यात प्रत्येकच पान सपाट होते, शुभ्र फूल तपकिरी पडते. पान मातीला टेकले होते काय, खाली कातळ होता काय, हे सांगू शकते ती कागदाच्या कोपऱ्यातील चिठ्ठी: स्थळ, तारीख, संग्राहक, चार शब्दांचे निरीक्षण. हस्तलिखिताच्या अखेरीस येणाऱ्या अशाच नोंदीला आपली परंपरा पुष्पिका म्हणते. ती हरवली तर वनस्पती उरते, साक्ष उरत नाही. आणि जो सडा खणला गेला, त्याला पुन्हा विचारता येत नाही. नाव बदलले याचे म्हणूनच वैषम्य नाही. ते पुन्हा तपासता येते, हे त्या चिठ्ठीचे ऋण.