गाडगेबाबांचा खराटा आणि धर्मशाळा

आमच्या वऱ्हाडात गाडगेबाबांचा फोटो शाळेत, ग्रामपंचायतीत, एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीतही दिसतो. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, सोबतीला गाडगं, हातात खराटा. २०००-०१ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि त्या खराट्याचा अर्थ जणू ठरूनच गेला. बाबा म्हणजे स्वच्छता. मला हा अर्थ अपुरा वाटतो. आणि अपुरा अर्थ सोयीचा असतो, कारण त्यात कुणाला जाब द्यावा लागत नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. वडील दारूनं गेले. आई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. डेबू तिथं गुरं राखत, नांगर धरत वाढला. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात होतं. कापसाला भाव आला, रेल्वे आली, आणि जमीन गहाण टाकणं, विकणं सोपं झालं. भावाबरोबर सावकारही गावात आला. डेबूच्या मामाची शेतीही कर्जात अडकली, असं त्यांची चरित्रं सांगतात. पुढं १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १९०५ मध्ये घर सोडणारा माणूस हे सगळं पाहून निघाला होता.

म्हणून त्यांच्या कीर्तनातल्या गोष्टी मला नुसता नीतीचा उपदेश वाटत नाहीत. कर्ज काढून सण करू नका, देवाला कोंबडं-बकरं कापू नका, दारू पिऊ नका, पोटाला चिमटा घ्या पण पोराला शाळेत घाला. यातली प्रत्येक गोष्ट सावकाराच्या वहीशी जोडलेली आहे. नवस, बारसं, तेरवी, लग्न. कुणबी असो की परीट, माणूस धर्माच्या नावानं खर्च करतो आणि शेत घालवतो. बाबा समोरच्या बायाबापड्यांना वऱ्हाडीत प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. ते उत्तर एकदा आपल्या तोंडून आलं की मग नाकारता येत नसे.

खराट्याचा दुसरा अर्थ जातीचा आहे. दुसऱ्याची घाण काढणं हे ज्यांच्या माथी जन्मानं मारलं, त्यांचं काम बाबांनी स्वतः उचललं आणि गावातल्या पाटलालाही करायला लावलं. ज्या गावात कीर्तन, तिथला रस्ता आधी झाडायचा. कीर्तनातून जमलेल्या पैशातून त्यांनी लोकांच्या सोयीची कामं उभी केली. ऋणमोचनला पूर्णेकाठी घाट, मूर्तिजापूरला गोरक्षण, नाशिक-पंढरपूरला धर्मशाळा, मुंबईला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. आजही कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, राहायचं कुठं?

पण पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेशी मी अडखळतो. ज्यांना विठ्ठलाच्या देवळात आणि इतर धर्मशाळांत जागा नव्हती, त्यांच्यासाठी ती होती. बंद दाराबाहेर निवारा बांधणं म्हणजे ते बंद दार मान्य करणं नव्हे का? बाबांच्याच जिल्ह्यात १९२७ मध्ये दुसरी वाट चालली होती. अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. आंबेडकर अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. तिथं मागणी दयेची नव्हती, हक्काची होती. पंढरपूरचं देऊळ उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं.

माझ्यापुरतं उत्तर पुढच्या घटनेत आहे. १९४९ मध्ये बाबांनी ही धर्मशाळा आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. यात्रेकरूंच्या रात्रीच्या निवाऱ्याची इमारत शिक्षणाच्या कामी गेली. करुणेनं उभं केलेलं न्यायाच्या हवाली केलं. आयुष्यभर गोळा केलेलं दुसऱ्याच्या ताब्यात देणं किती कठीण असतं, हे आपल्याकडच्या संस्थांचे वाद पाहिले की कळतं.

६ डिसेंबर १९५६ ला आंबेडकर गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबा गेले. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांचं समाधी मंदिर आहे. जो माणूस कुणाला पाया पडू देत नसे, त्याच्यासमोर आज आपण डोकं टेकवतो. टेकवायला हरकत नाही. फक्त २३ फेब्रुवारीला अंगण झाडून झाल्यावर गावात दोन चौकश्या कराव्यात. यंदा लग्नापायी कुणी शेत गहाण टाकलं? आणि कुणाच्या घरचं पाणी अजून कोण पीत नाही? झाडायला अवघड जागा त्याच आहेत.